चिकित्सा मानसशास्त्राचे पदव्युत्तर प्रशिक्षण: संशोधन किती, प्रत्यक्ष उपचार किती?

प्रश्न: विद्यार्थी संशोधक आणि उपचारक असा दोन्ही अंगांनी घडावा, हा साचा अमेरिकेतील १९४९ च्या बोल्डर परिषदेत ठरला, १९७३ च्या व्हेल परिषदेने व्यवसायाला प्राधान्य देणारी वेगळी वाटही मान्य केली. यांपैकी पुढे कोणती टिकेल, असे आपणांस वाटते?

उत्तर १: माझ्या मते प्रश्न वाटेचा नसून देखरेखीचा, म्हणजे विद्यार्थ्याने दिलेले उपचार अनुभवी मार्गदर्शक कसे तपासतो याचा आहे. विद्यार्थी उपचाराच्या सत्रानंतर आठवून टिपणे लिहितो आणि जिथे तो स्वतः गडबडला, नेमके तेच त्यांतून गळते. ध्वनिमुद्रण ऐकताना मात्र, समोरची व्यक्ती बोलता बोलता थांबली आणि विद्यार्थ्याने दोनच सेकंदांत पुढचा प्रश्न विचारून ती शांतता मोडली, हे स्पष्ट ऐकू येते. नुसते प्रशिक्षणाचे तास वाढवून (आणि सगळा भर त्यावरच असतो) ही चूक सुधारत नाही.

उत्तर २: देखरेखीबाबत सहमत आहे, परंतु संशोधनाला इतके सहज बाजूला सारू नये. नियंत्रण गटाला (तुलनेसाठी ठेवलेल्या, तो उपचार न मिळालेल्या गटाला) नेमके काय दिले होते, किती जणांनी उपचार अर्धवट सोडले, हे विचारण्याची सवय प्रबंध लिहितानाच लागते. संगणकीय संवादप्रणाली उपचाराचे दावे करू लागल्यामुळे तर ते दावे तपासणे हेच उद्याच्या मानसशास्त्रज्ञाचे मोठे काम ठरेल.

प्रश्नकर्ता: म्हणजे प्रबंधाचा विषय स्वतःच्याच ध्वनिमुद्रित सत्रांतून निवडू दिला, तर दोन्ही साधेल काय?

उत्तर १: साधेल, मात्र संबंधितांची लेखी संमती आधी घ्यावी लागेल.