मदत हवी आहे : सँडियाची ‘डी’ ज्योत प्रमाणाबाहेर लांब येते

खानापूरकर : एम.टेक.च्या प्रकल्पासाठी अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या ‘डी’ या मिथेन-हवा ज्योतीचे संगणकीय प्रतिरूप करीत आहे. मोजमापांनुसार अक्षावरील सर्वाधिक तापमान नळीच्या तोंडापासून साधारण 45 व्यासांवर यायला हवे. माझ्याकडे ते 65 च्याही पुढे सरकले आहे. मेश (गणितासाठी आखलेली जाळी) दोनदा बारीक करूनही फरक पडलेला नाही. सोमवारी मार्गदर्शकांना दाखवायचे आहे आणि खानापुरात पावसामुळे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. कृपया लवकर सांगावे.

निपाणीचा अभियंता : सॉफ्टवेअर कोणते, प्रक्षुब्ध प्रवाहासाठी प्रतिमान कोणते, ज्वलनासाठी कोणते आणि प्रवेशसीमेवर नेमके काय दिले आहे, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. अंदाजावर उत्तर कसे द्यावे?

खानापूरकर : सॉफ्टवेअर ओपनफोम, प्रक्षुब्ध प्रवाहासाठी नेहमीचे के-एप्सिलॉन, ज्वलनासाठी एडी डिसिपेशन (जितके मिसळेल तितके जळते असे मानणारे) आणि मिथेनची एकपायरी अभिक्रिया, म्हणजे एकाच टप्प्यात थेट कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. नळीचा व्यास 7.2 मिमी, वेग सेकंदाला 49.6 मीटर. बाकी सर्व प्रयोगाप्रमाणेच आहे.

उद्यमबाग : दोष के-एप्सिलॉनचाच आहे. गोल झोताच्या बाबतीत ते चुकते हे जुने दुखणे आहे. त्यातील पहिला स्थिरांक 1.44 ऐवजी 1.6 करा, माझ्या बर्नरच्या कामात याच उपायाने निभावले होते.

निपाणीचा अभियंता : उपाय खरा असला तरी येथे तो उलट्या दिशेचा आहे. मूळ के-एप्सिलॉन गोल झोत गरजेपेक्षा जास्त पसरवते, त्यामुळे हवा लवकर मिसळते आणि ज्योत आखूड होते. स्थिरांक वाढवला की पसरणे कमी होऊन ज्योत आणखी लांबेल, आणि यांची तक्रार तर लांबीचीच आहे.

विद्यार्थी, बेळगाव : के-एप्सिलॉन सोडून द्यावे आणि सरळ लार्ज एडी सिम्युलेशन, म्हणजे मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारे वेळखाऊ गणित, करावे.

उद्यमबाग : सोमवारपर्यंत? लॅपटॉपवर? आणि विजेचा भरवसा नसताना?

गुऱ्हाळवाले, अथणी : विषय ज्वलनाचा आहे म्हणून विचारतो. आमच्या चुलाणात ओले चिपाड घातले की धूर कोंडतो. आपल्या प्रतिरूपावरून धुराड्याची उंची ठरवता येईल काय?

निपाणीचा अभियंता : चिपाडातील पाणी आधी उडून जावे लागते आणि त्यातच बरीच उष्णता खर्च होते, म्हणून उंचीआधी चिपाड वाळवण्याकडे पाहावे. त्यासाठी वेगळा धागा काढल्यास सविस्तर लिहीन.

खानापूरकर, ‘बाकी सर्व’ म्हणजे काय? इंधनाच्या प्रवेशावर मिथेनचा आकडा किती आहे?

खानापूरकर : 0.25. प्रयोगात 25 टक्के मिथेन आणि 75 टक्के हवा आहे, तेच दिले.

निपाणीचा अभियंता : सापडले. ते टक्के आकारमानाचे आहेत, तर ओपनफोम वस्तुमानाचे अंश घेते. मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे त्याचा अंश 0.156 होतो, ऑक्सिजन 0.197 आणि नायट्रोजन 0.647 द्यावा. आपण दीडपटीहून अधिक इंधन घातले आहे. पुरेपूर ज्वलनासाठी मिश्रण-अंश (मिश्रणात इंधनाच्या झोतातून आलेल्या वस्तुमानाचा वाटा) 0.35 हवा, तो आपल्याकडे 0.22 च्या आसपास गेला असणार, म्हणजे झोताला बरीच जास्त हवा ओढून घ्यावी लागते आणि तितकी ज्योत लांबते. पायलटच्या, म्हणजे मुख्य ज्योत पेटती ठेवणाऱ्या छोट्या ज्योतीच्या, प्रवेशावरही नुसती गरम हवा नसून 1880 केल्विनचे जळालेले वायू आहेत ना, हे तपासावे. वीज जाते म्हणता, तर निकाल थोड्या थोड्या अंतराने जतन करीत जा, म्हणजे गणित पहिल्यापासून लावावे लागणार नाही.

खानापूरकर : पायलट बरोबर होता. इंधनाचे अंश बदलून रात्रभर गणित चालवले. आता कमाल तापमान 38 व्यासांवर आले आहे. म्हणजे ज्योत उलट आखूड झाली.

उद्यमबाग : आता तरी तो स्थिरांक बदलणार ना?

निपाणीचा अभियंता : आता बदलावा, मात्र एकदम 1.6 न करता आधी 1.5 वर पाहावे. आणि लांबी जुळली तरी तापमान चढेच राहील, कारण एकपायरी अभिक्रियेत कार्बन मोनॉक्साइड तयारच होत नाही. मार्गदर्शक तेच आधी विचारतील.

खानापूरकर : 1.5 वर लावले आहे. वीज सध्या आहे.