हित्ती ‘कुर्सा’: दोन ‘-आस्’ आणि कातड्याचं मूळ

दांडियाबाजारकर:
मंडळी, बडोद्याच्या आमच्या वाचनगटात शनिवारी तेलिपिनू या देवाच्या हित्ती कथेतलं (हित्ती म्हणजे अनातोलियातली, आजच्या तुर्कस्तानातली, प्राचीन भाषा) हे वाक्य लावायचंय: ‘एयात्स-कान् उदु-आस् कुर्सास् कान्कान्त्सा.’ ‘उदु’ म्हणजे मेंढी, ‘कुर्सा’ म्हणजे कातडं, इथवर ठीक. पण दोघांनाही -आस् आहे. दोन्ही षष्ठी धरल्या तर ‘मेंढीच्या कातड्याचं’ होतं आणि वाक्य तिथेच लटकतं. शिवाय ‘कुर्सा’ हा शब्द आपल्या संस्कृत ‘कृत्ति’चा (कातडं) भाऊबंद आहे का?

पाणिनीप्रेमी:
अकारान्त नामांत प्रथमा आणि षष्ठी एकवचन दोन्ही -आस्, सगळे इथेच अडकतात. कुर्सास्, द्वितीया कुर्सान्, षष्ठी पुन्हा कुर्सास्, चतुर्थी-सप्तमी कुर्सी (हसू नका), अनेकवचनी द्वितीया कुर्सुस्. लिंगं दोनच, सामान्य आणि नपुंसक. हा शब्द सामान्यलिंगी.

शेवटून सुरुवात करा. ‘कान्कान्त्सा’ हे ‘कान्क्’ (टांगणे) या धातूचं -अन्त् लागलेलं कृदन्त. कान्कान्त् + स् = कान्कान्त्स्. पाटीवरच्या कीलाक्षरांत नुसतं व्यंजन लिहायची सोय नाही म्हणून ‘त्सा’चं चिन्ह, त्यातला आ उच्चारायचा नाही. हे सामान्यलिंगी प्रथमा एकवचन. नपुंसक असतं तर ‘कान्कान्’ झालं असतं. त्याला कर्ता हवा, तो कुर्सास्. उरलेला उदु-आस् षष्ठी. ‘एयात्स’ पंचमी, -कान् नुसता निपात. अर्थ: एया झाडाला मेंढीचा कुर्सा टांगलेला आहे. मराठी टांगते झाडाला, हित्ती टांगते झाडापासून.

आणखी एक. पाटीवर शब्दाआधी ‘कुश’ हे चिन्ह येतं. सुमेरियनमध्ये त्याचा अर्थ कातडं. पुढची वस्तू चामड्याची आहे एवढीच ती खूण, वाचायची नाही. लिप्यंतरात ‘कुर्शा’ दिसेल, तिथला श सहसा स समजतात.

मांडवीचा वाचक:
‘कृत्ति’चं मराठी रूप तुमच्या तोंडात आहेच: कृत्ति, प्राकृत कत्ति, मग सापाची कात आणि कातडं. मूळ ‘कृत्’, कापणे. पण कुर्साशी नातं जोडण्यात अडचण ‘उ’ची. साध्या क् नंतरच्या ऋ-स्वराचं हित्तीत ‘अर्’ होतं, म्हणजे कर्सा अपेक्षित. उर् यायला ओष्ठ्य क्व् लागतो, जसा ‘कुएर्-’ (कापणे), ‘कुरान्त्सि’ (ते कापतात) यात. कुर्सा त्याच कुएर्-पासून, असं म्हणता येतं. पण -सा कुठून आला हे पटेल असं कुणी सांगत नाही. अनातोलियातल्याच एखाद्या जुन्या भाषेतून उचललेला असणंही शक्य आहे.

ग्रीक ‘बुर्सा’ (चामडं) शेजारी ठेवतात, पण एकाच मुळातून आलेला म्हणून नव्हे. ग्रीकमध्ये उ-च्या शेजारचा क्व् क होतो, ब नाही. शिवाय अ‍ॅटिक बोलीत (अथेन्सच्या ग्रीकमध्ये) र्स चं र्र होतं, इथे र्स तसाच. त्यामुळे बुर्सा उसना वाटतो, कदाचित अनातोलियाकडूनच. तो लॅटिनमध्ये ‘बुर्सा’ म्हणूनच गेला आणि पुढे इंग्रजीत आपली पर्स झाला.

दांडियाबाजारकर:
म्हणजे तिकडचाही अर्थ पिशवीकडेच सरकला. मग झाडावर नुसतं कातडं लटकतंय की पिशवी?

पाणिनीप्रेमी:
पुढची वाक्यं बघा: ‘आत मेंढीची चरबी आहे’, मग धान्य, द्राक्षारस, गाईगुरं, दीर्घायुष्य, संतती. पसरलेल्या कातड्याच्या ‘आत’ काय ठेवणार? हित्तीतज्ज्ञ हान्स गुटरबॉकने 1989 मध्ये ‘शिकारीची पिशवी’ हा अर्थ मांडला, आणि मला तो पटतो. सोनेरी लोकरीच्या ग्रीक कथेशी जोडणारे ‘लोकरीचं कातडं’ धरतात, त्यांना हे ‘आत’ नडतं. भाषांतरात ‘मेंढीच्या कातड्याची पिशवी’ लिहा. ‘कुश’ची खूण आणि ‘आत’, दोन्ही जागेवर राहतात.