मदत हवी आहे: द्राक्षबागेच्या माहितीसाठी संमती कुणाची घ्यायची?

नमस्कार मंडळी. तासगाव भागातले बागायतदार फवारणी-हवामानाची ॲप वापरतात. त्यांत जमणाऱ्या माहितीवर माझी पीएचडी चालू आहे. विद्यापीठाच्या फॉर्मवर एकाच माणसाची सही लागते. पण सातबारा आजोबांच्या नावावर, मोबाईल नातवाचा आणि फवारणीच्या नोंदी ठेवते सून. सही कुणाची?

दक्षिण आफ्रिकेतल्या सान नावाच्या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःचीच आचारसंहिता केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली रीत. निष्कर्ष परत येऊन सांगायचा शब्द दिला की पाळायचा. मला हे फॉर्मपेक्षा जास्त पटतं.

आपल्याकडे कुणी आधी ग्रामसभेत विषय मांडून असं काम केलंय का? (तिथं सुनांना बोलू देतात का, हा आणखी वेगळा प्रश्न.) सोप्या मराठीतल्या संमतीपत्राचा नमुना असेल तर कृपया पाठवा.