एसएसआयएम (दोन चित्रं किती सारखी ते सांगणारं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९८, तरी पैठणीवरची लाल बुट्टी फिसकटलेली दिसते. कोणतं माप लावू?

जरीकाठ:
पैठण्यांचे फोटो साइटसाठी जेपेग करतोय. पिलो (पायथनची चित्रांची लायब्ररी), क्वालिटी ८५. मूळ टिफशी ताडून एसएसआयएम ०.९८, पीएसएनआर (बिघाड जितका कमी तितका मोठा येणारा आकडा, डेसिबलमध्ये) ३८ च्या वर. पण हिरव्या अंगावरच्या लाल बुट्टीचा रंग कडेबाहेर ओघळतो, कुंकू फिसकटावं तसा. फोटो पाचशेच्या वर आहेत, एकेक बघत बसणं शक्य नाही. रंगाचा बिघाड पकडणारं माप कोणतं?

पिक्सेलराव:
एसएसआयएम ग्रेस्केलवर काढलात ना? मग मापाचा दोष नाही, त्याला रंग दाखवलाच नाहीत. लाल आणि हिरवा सारख्याच उजेडाचे असले की ग्रेमध्ये बुट्टीची कडच उरत नाही. पडताळून बघा: चित्रभर लाल ८ ने वाढवा, निळा ८ ने घटवा. ल्यूमा (पिक्सेलच्या उजेडाचा आकडा) हलतो जेमतेम दीडने, एसएसआयएम १ ला चिकटून राहतो. पण १२८ चा करडा तांबूस-पिवळट होतो आणि तिथे डेल्टा-ई २००० (दोन रंगांतला डोळ्याला जाणवणारा फरक मोजणारं सूत्र) येतो सुमारे ५. दोन रंग शेजारी ठेवले तर १ च्या आसपासचा फरकही कळू लागतो.

ओघळामागे बहुधा ४:२:० आहे. पिलो न सांगता तेच लावतं: २×२ पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना. सबसॅम्पलिंग ० देऊन (म्हणजे रंगाचे नमुने न घटवता) त्याच क्वालिटीला पुन्हा सेव्ह करा. फाइल फुगेल, पण ओघळ गेला तर चोर सापडला.

डेल्टा_ई:
वरच्याला जोड. डेल्टा-ई पिक्सेलला पिक्सेल लावून काढू नका. दुरून दिसतही नाही अशा बारीक दाण्यालाही तो गुण कापतो. एस-सीआयईलॅब वापरा, झांग आणि वँडेल यांचं, १९९६ चं. ते चित्र उजेड, लाल-हिरवा आणि निळा-पिवळा असं फोडतं, डोळ्याला दिसणार नाही तेवढा बारकावा पुसतं आणि मग फरक मोजतं. त्याला नजरेच्या कोनाच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात ते सांगावं लागतं: ९६ डीपीआयचा (इंचाला ९६ पिक्सेल) पडदा ५० सेंमीवरून पाहिला तर ३३. मोबाइलसाठी हा आकडा वेगळा काढा.

आणि सरासरी तर घेऊच नका! बुट्ट्या चित्राच्या जेमतेम ५ टक्के. बाकीचं सपाट अंग त्यांचं पाप झाकून टाकतं. ९९ वा पर्सेंटाइल घ्या (९९ टक्के पिक्सेलांचा फरक ज्याच्या आत असतो तो आकडा), शिवाय फरकाचा नकाशा काढून ठेवा. तो बुट्टीच्या कडेनं पेटलेला दिसला की वेगळं काही विचारायला नको.

मोजपट्टी:
त्याआधी टिफचं रंग-प्रोफाइल (कोणत्या आकड्याचा नेमका रंग कोणता ते सांगणारी नोंद) बघा. ते अ‍ॅडोबी आरजीबी आणि जेपेग एसआरजीबी असेल, तर दोन्ही एसआरजीबीत आणल्याशिवाय मोजू नका. नाहीतर डेल्टा-ई प्रोफाइलचाच फरक मोजत बसेल. फोटो लहान करत असाल तर तुलना लहान केलेल्या, पण जेपेग न केलेल्या प्रतीशी.

एसएसआयएम सायकिट-इमेजमध्ये (पायथनची आणखी एक लायब्ररी) काढत असाल तर आणखी एक खड्डा आहे. पिक्सेल ० ते १ मध्ये असताना डेटा रेंज (पिक्सेलच्या किमतींचा पल्ला) २५५ दिली, की सूत्रातले स्थिरांक पिक्सेलपेक्षा मोठे होतात आणि चांगलं-वाईट सगळंच १ च्या जवळ येतं. शिवाय तिथली मूळ खिडकी (एका वेळी ताडायचा पिक्सेलांचा तुकडा) ७×७ ची सपाट आहे, म्हणजे सगळ्या पिक्सेलना सारखं वजन. २००४ च्या एसएसआयएममध्ये ती ११×११ ची गॉसियन (मध्याला जास्त वजन), सिग्मा म्हणजे पसरण १.५. दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडायचं तर हे आधी जुळवा.

‘नापास’ची रेघ मात्र कुठलंच सॉफ्टवेअर देणार नाही. तीसेक फोटो वेगवेगळ्या क्वालिटीला काढा, निदान १५ जणांकडून १ ते ५ गुण घ्या आणि मापाशी स्पिअरमन सहसंबंध (दोन्हींचे क्रम किती जुळतात ते) काढा. तो कमी आला तर रेघ कुठे ओढायची हा प्रश्नच येत नाही, माप बदला.