लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला पुण्याहून दोन दिवस कुठे जावं?

प्रश्न: ऑगस्टअखेर लग्नाला वर्ष होतंय. बायकोला गर्दी नको, पाणी आणि धुकं हवंय. गाडी आहे, लोणावळा सोडून सांगा ना प्लीज.

उत्तर: भंडारदरा! आम्ही नारायणगाव, संगमनेर, अकोलेमार्गे गेलो, थांबत थांबत पाचेक तास लागले. १९२६ चं विल्सन धरण, मागे आर्थर लेक, पण खरं सुख रतनवाडीला, तिथलं अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ पावसात भिजून आणखीच काळं दिसत होतं आणि वर रतनगड ढगात पूर्ण गायब, आम्ही दोघं तासभर नुसते बसून राहिलो, काही बोलावंसंच वाटेना. लग्नानंतरचा माझा सगळ्यात आवडता तास तोच. फक्त शनिवार-रविवार टाळा हं, रंधा धबधब्याला गाड्याच गाड्या.

उत्तर: थोडं पुढे ढकलता आलं तर कास पठार बघा, साताऱ्याहून पंचवीसेक किमी. फुलांचा खरा बहर सप्टेंबरात असतो, ऑनलाइन बुकिंग आधीच करा.

प्रश्नकर्ता: मनापासून थँक्यू ताई! भंडारदराच, बुध-गुरुवारची रजा टाकतोय. रतनवाडीला सकाळी जावं की दुपारी?

उत्तर: सकाळीच, लवकर. तळ्यावरचं धुकं तेव्हा छान दिसतं.