गणपतीला दिल्लीहून सावंतवाडी: विमानाचा खर्च कसा आवरावा?

दिल्लीतला_चाकरमानी: यंदा घरच्या गणपतीला जायचंच आहे. दोन वर्षं भाडी बघून बेत सोडला आणि आरती व्हिडिओ कॉलवर केली, आई फार हिरमुसली. आम्ही दोघं, आई आणि मुलगी. मुलीला चतुर्थीनंतर तिसऱ्या दिवशी दोन वर्षं पूर्ण होतात. आईला रेल्वेचा एवढा प्रवास आता झेपत नाही. तिकीट कधीचं आणि कुठल्या विमानतळाचं काढू?

पेडण्याची_माहेरवाशीण: गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी मोपाच बघा. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स, दोन्ही वेगळे शोधा. दाबोळीचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून आम्ही एकदा तिथे उतरलो. वाचलेले पैसे सावंतवाडीच्या टॅक्सीत गेले, वर मुलं गाडीत रडून हैराण. मोपाहून सावंतवाडीच्या वाटेवरचं बांदा अगदी जवळ.

जुना_तिकीटवाला: बरीच वर्षं तिकिटं काढून दिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलगी जाताना मांडीवर चालेल, येताना दोन वर्षं पूर्ण झालेली असतील, म्हणून तिला पूर्ण सीट लागेल. प्रवासाच्या दिवशीचं वय धरतात. त्यामुळे जाण्या-येण्याची तिकिटं वेगवेगळी काढा.

एकाच विमानातल्या सीट वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत विकतात. तुम्ही तीन सीट एकदम शोधल्या आणि स्वस्त टप्प्यात दोनच उरल्या असल्या, तर तिन्ही वरच्या दराने दिसतात. आधी एक, मग दोन सीट शोधून बघा. फरक दिसला तर दोन वेळा बुकिंग करा.

सप्टेंबरात गोव्यात पाऊस, पर्यटक कमी. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या रेल्वेसारखी झुंबड या मार्गावर नसते. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार टाळून मंगळवार-बुधवार बघा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, विमानाचं त्याच्या कितीतरी आधी. रजा नक्की झाली की थांबू नका.

आईंसाठी ज्येष्ठांची सवलत कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघा. ती मूळ भाड्यावरच असते, म्हणून साध्या तिकिटाच्या एकूण रकमेशी ताडून मगच घ्या. आणि जाणं रद्द झालं, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. बरेच लोक ते मागतच नाहीत, याचं वाईट वाटतं.

दिल्लीतला_चाकरमानी: मुलीच्या सीटचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! आईला व्हीलचेअर लागेल, त्याचे वेगळे पैसे पडतात का?

पेडण्याची_माहेरवाशीण: नाही. बुकिंग करतानाच नोंदवा. येताना सामानाचं वजन घरीच करून निघा, बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलोच चालतं आणि वरच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात. आणि सुकं खोबरं बॅगेत घालू नका, विमानात नेऊ देत नाहीत.