मदत हवी आहे: 'डी ब्र्यूक'ची मराठी सबटायटल्स मागे पडताहेत

बर्नहार्ड विकींचा जर्मन युद्धपट 'डी ब्र्यूक' ('पूल', १९५९) दहावीच्या मुलांना दाखवायचाय. पूल राखायला उभी केलेली ती सात पोरं यांच्याच वयाची! मराठी सबटायटल्स मी लिहिली, वेळा इंग्रजी एसआरटी फाइलवरून (सबटायटल्सचा मजकूर आणि वेळा असलेली फाइल) घेतल्या. ती फाइल सेकंदाला २४ फ्रेमची, आपली डीव्हीडी २५ची. सुरुवात जुळते, शेवटी चार मिनिटं उशीर. २७ एप्रिल १९४५ची ही घटना कुठल्याच लष्करी अहवालात आली नाही, हे सांगणाऱ्या शेवटच्या पाटीचं मराठी तर दिसतच नाही, आणि मुलांनी तेच वाचायला हवं. व्हीएलसी प्लेअरमध्ये सगळ्या सबटायटल्सची वेळ सरकवून पाहिली; सुरुवात बिघडते. विंडोज लॅपटॉप आहे, सभागृहात इंटरनेट नाही. मराठी अक्षरं न बिघडता अख्खी फाइल त्याच प्रमाणात आकसून सेव्ह कशी करायची?